सगळी दारं बिस्किटी

माझं रंगाचं दुकान आहे. रंग घ्यायला येणाऱ्या माणसाने बहुधा नुकतंच घर घेतलेलं असतं किंवा तो घ्यायच्या विचारात असतो. त्यामुळे शेडकार्ड चाळता चाळता तो हमखास विचारतो, "शेठ, स्वतंत्र घर बरं की सोसायटी?" पूर्वी मी या प्रश्नाला फटकन उत्तर द्यायचो. हल्ली मी आधी त्याला बसायला स्टूल देतो.

सोसायटीचे फायदे आहेत, मी नाही म्हणणार नाही. पंप बिघडला तर तो आपला एकट्याचा बिघडत नाही. जिन्यातला दिवा गेला तर कुणावर चिडायचं हे ठरलेलं असतं. घराला कुलूप लावून परगावी गेलं तरी येऊन-जाऊन चार माणसं आपल्या दाराकडे बघतात, थोडी काळजीने आणि बरीचशी चौकशीने. तोटा एकच. या फायद्यांसाठी जे नियम करावे लागतात ते आपल्यालाही लागू होतात, आणि नियम करताना हे लक्षात राहत नाही. (माझ्या तरी राहिलं नाही, आणि मी सेक्रेटरी होतो.)

मुळात मी सेक्रेटरी होण्यासारखा माणूस नव्हे. शाळा अर्ध्यात सोडून दुसऱ्याच्या दुकानात डबे उचलायला लागलो. पुढे दुकान स्वतःचं झालं तेव्हा दुकानामागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. तिथे अंथरुणापासून पोळ्यांपर्यंत सगळ्याला टर्पेंटाइनचा वास. बायको म्हणायची, "आपल्याकडे भाजीलासुद्धा प्रायमर लावलेला असतो." शेवटी तिच्यासाठी आणि अण्णांसाठी मी या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर पोस्टमन. पायांत अजून ताकद आहे, पण डोळे दगा देताहेत. समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणसाकडे बघायचं तर ते त्याच्या कानाकडे बघतात. अक्षर, आकडा काही लागत नाही. रंग मात्र कळतो. म्हणून घर घेतलं तेव्हा त्यांनी एकच मागणी केली होती, "शेठ, दार निळं कर." (ते मला शेठ म्हणतात. लाडाने नव्हे.) जुन्या खोल्यांचं दार निळं होतं. मी तोच डबा उघडला आणि दार निळं करून टाकलं.

सकाळी अण्णा एकटे फिरायला जायचे आणि एकटे परत यायचे. सोबत कुणी नको, हातात काठी नको. जिन्याने वर चढायचे, निळं दिसलं की खिशातून किल्ली काढायची. मजले मोजा म्हटलं तर म्हणायचे, "मोजायचे तर तोंड बंद ठेवावं लागतं." आणि अण्णा प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी बोलत वर यायचे. लिफ्ट त्यांना आवडत नाही, कारण लिफ्टमध्ये माणसं बोलत नाहीत. म्हातारपणात त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं: आपल्या पायांनी घराबाहेर पडणं आणि आपल्या पायांनी घरी येणं.

आता माझा पराक्रम ऐका.

आमच्या सोसायटीच्या चेअरमन म्हणजे आमच्या बरोबर खालच्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. एकट्या राहतात, बोलतात कमी आणि बघतात जास्त. त्यांनी मला सेक्रेटरी केलं, कारण बाकी सगळे काम सांगितलं की कारण सांगायचे आणि मी 'हो' म्हणायचो. दुकानदाराला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. सेक्रेटरी झाल्यावर मात्र मला नियम करायची गोडी लागली. चपला-बूट दाराबाहेर ठेवायचे नाहीत, हा माझा पहिला नियम. तेव्हापासून आमच्या इमारतीत सगळी माणसं पादत्राणं हातात घेऊन घरात शिरतात.

मग इमारतीला रंग द्यायचं ठरलं. माझ्या गोदामात तेव्हा बिस्किटी रंगाचे डबे छताला टेकले होते. एका हॉटेलवाल्याने ऑर्डर दिली होती आणि माल आल्यावर त्याला एकाएकी हिरवा रंग आवडायला लागला. बिस्किटी रंगाचं एक सांगतो. तो कुणाला नावडत नाही, पण मागतही कुणी नाही.

जनरल मीटिंगमध्ये मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "भिंती एकसारख्या आणि दारं मात्र कुणाचं तपकिरी, कुणाचं पांढरं, कुणाचं निळं. इमारत आहे की शेडकार्ड? सगळी दारं एका रंगाची करू. बिस्किटी. रंग माझ्याकडून, खरेदीच्या भावात. नफ्याचा विषय नाही." (नव्हताच. तोटा वाचवण्याचा होता.)

पहिल्या मजल्यावरचे वकील प्रत्येक ठरावाला एक शंका काढतात. त्यांनी विचारलं, "सगळी दारं सारखी झाली तर माणूस आपलं घर चुकणार नाही का?"

मी टाळी मिळवायच्या बेतात होतो. म्हणालो, "वकीलसाहेब, शुद्धीवर असलेला माणूस स्वतःचं दार चुकत नाही."

टाळी मिळाली. ठराव मंजूर झाला. त्याला जोडून दारावर काही लटकवायचं नाही, चिकटवायचं नाही, हेही मंजूर झालं. तेही मीच सुचवलं होतं. रंगाची शोभा जाते ना.

खरं सांगतो, त्या क्षणी अण्णा माझ्या डोक्यात नव्हते. डबे होते.

दारं रंगवून झाल्यानंतरची सकाळ. मी दुकानात निघायच्या घाईत होतो. बेल वाजली. दारात वॉचमन, आणि त्याने दंडाला धरलेले अण्णा.

"दुसऱ्या मजल्यावर किल्ली लावत होते," वॉचमन म्हणाला. "आतल्या ताई घाबरल्या. चोर समजून त्यांनी फोन केला मला."

अण्णांनी दंड सोडवून घेतला, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. जन्मभर दुसऱ्यांची घरं शोधलेला माणूस पत्ता न मिळाल्यामुळे परत आलेल्या टपालासारखा घरी पोचला होता.

"अहो," बायको स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "त्यांचं दार तुम्ही विकलंत."

"विकलं काय? खरेदीच्या भावात दिलंय."

"तेच म्हणतेय मी. फुंकून टाकलंत."

दुसऱ्या दिवशी अण्णा उठले नाहीत. म्हणजे उठले, चहा प्यायले आणि बसून राहिले. बायको म्हणाली, मी येते सोबत. ते म्हणाले, "मी काय दप्तर आहे, न्यायला-आणायला?" त्यानंतर त्यांनी चपला घालणंच सोडलं. बोलणंही कमी झालं. जेवताना माझ्या कानाकडेसुद्धा बघेनात.

मी उपाय केला. दुकानातून निळ्या कापडाची पट्टी आणली आणि दाराच्या कडीला बांधली. संध्याकाळी आलो तर पट्टी नाही. मोठ्या बाईंनी ती घडी घालून आमच्या टपालपेटीत ठेवली होती.

मी खाली गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"बाई, वडिलांना दिसत नाही. खुणेपुरती पट्टी होती."

"दारावर काहीही लटकवायचं नाही. नियम कुणाचा, रंगवाले?"

"माझाच."

"मग तो मोडायला तरी दुसरा कुणी पाठवायचा."

मी वर आलो. दुकानात गिऱ्हाईक परवडत नाही म्हणून उठून जातं तेव्हा मी चेहरा कसा ठेवायचा हे शिकलो आहे, पण जिन्यात तो चेहरा कुणी बघत नव्हतं. बायकोने एकदा बघितलं आणि ताट वाढलं.

आणि मग, कसं कोण जाणे, एका सकाळी अण्णांनी फ्रिजवरची किल्ली उचलली आणि ते बाहेर पडले. आम्ही दोघं श्वास रोखून घरात बसलो. बऱ्याच उशिरा कुलपात किल्ली फिरली आणि अण्णा आत आले. एकटे. तरतरीत.

"सापडलं दार?" मी विचारलं.

"पोस्टमन आहे मी," अण्णा म्हणाले आणि माझ्या कानाकडे बघून हसले.

झालं. रोजचं फिरणं सुरू झालं. परत यायला उशीर मात्र वाढत चालला. सकाळचे निघालेले जेवायच्या वेळेला यायचे, पुढे पुढे दुपारीही एक चक्कर सुरू झाली. मी खूश. सवयीने माणसाला सगळं जमतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. बिस्किटी रंगाच्या बाजूने मी इतकं बोललो की दोन डबे सहज खपले.

बायको मात्र म्हणाली, "एवढं फिरतात आणि चपलांना धूळ कशी नाही?"

बायकांना नको तिथे नजर असते असं मी म्हणालो. (हे वाक्य मी मागे घेतो.)

एक दिवस दुपारी मी दुकानातून लवकर आलो. लिफ्टमध्ये शिरताना कंपनीच्या माणसाचा फोन. माल उशिरा का आला यावर तो मला अशी कारणं देत होता जी मी गिऱ्हाइकांना देतो, त्यामुळे मी मन लावून ऐकत होतो. लिफ्ट थांबली, दार उघडलं, कुणीतरी आत आलं, मी बाहेर पडलो. समोर बिस्किटी दार, किंचित उघडं. मी बूट काढले, हातात घेतले आणि आत गेलो.

खिडकीजवळ आरामखुर्चीत अण्णा. शेजारी बारीक आवाजात रेडिओ.

आता मला सांगा, आपले वडील ज्या घरात आरामात बसलेत ते घर आपलं नाही, असा संशय कुणाला येईल? मी फोन बंद केला. विचारलं, "अण्णा, जेवलात?"

"जेवलो," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा जरा गोंधळल्यासारखा झाला, पण माझं लक्ष नव्हतं. उकडत होतं. मी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बनियनवर सोफ्याकडे वळलो, तर सोफा भलत्याच भिंतीला.

"अगं," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "चहा टाक. आणि हा सोफा कुणी हलवला?"

आतून भांड्याचा आवाज थांबला. पडदा बाजूला झाला.

"सोफा माझ्या मिस्टरांनी ठेवला होता तिथेच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "शर्ट घाला, रंगवाले. मग चहा देते."

मी शर्ट घातला. बटणं एकेक घर खाली लागली, तीही मजला चुकल्यासारखी.

"मला वाटलं तुलाही बोलावलंय," अण्णा म्हणाले. "पण मग शर्ट का काढतोय ते कळेना."

"अण्णा, तुम्ही इथे कसे?"

"चुकून," अण्णा म्हणाले.

"रोज चुकून येतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "दारं एकसारखी झाल्यावर माणूस चुकायचाच. मी दार लोटून ठेवते, म्हणजे त्यांना किल्ली लावत बसायला नको."

टीपॉयवर वर्तमानपत्र उघडं होतं, त्यावर बाईंचा चष्मा. बाई वर्तमानपत्र मोठ्याने वाचायच्या आणि अण्णा ऐकायचे. मग त्या बातमीवरून अण्णांना एखादं दार आठवायचं, त्या दारातलं माणूस आठवायचं, आणि बाई ऐकायच्या. शाळा सुटल्यापासून त्या मोठ्याने वाचत असताना कुणी गप्प बसून ऐकलं नव्हतं, असं त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं. एवढं बोलून, उगाच बोलले असं वाटल्यासारखं त्यांनी मला विचारलं, "साखर?"

मी चहा प्यायलो, बूट हातात घेतले आणि अण्णांना घेऊन वर आलो. जिन्यात मी म्हणालो, "अण्णा, चुकून कशाला म्हणायचं? सरळ जा की."

"सरळ कसा जाऊ?" अण्णा म्हणाले. "एकट्या बाईच्या घरी रोज जायला काही कारण लागतं. चुकणं हे एकच कारण माझ्याकडे आहे." मग एक पायरी थांबून म्हणाले, "पण शेठ, खरं सांगू? त्यांच्याकडून वर येताना भिंतीला हात लावून येतो. एक मजला कळतो. खालून रस्त्यावरून आलो तर आजही मला आपलं घर सापडत नाही. म्हणून मी हल्ली रस्त्यावर जातच नाही."

म्हणजे चपलांना धूळ नव्हती ती यामुळे.

पुढच्या मीटिंगला मी ठराव मांडला की, चौथ्या मजल्यावरचं एक दार निळं करायला परवानगी द्यावी. अण्णा हट्टाने आले होते आणि शेवटच्या खुर्चीवर बसले होते.

वकील उठले. "सेक्रेटरींचंच वाक्य आहे. शुद्धीवर असलेला माणूस स्वतःचं दार चुकत नाही. आता एकाला सवलत दिली की दुसरा झेब्र्याचे पट्टे मागेल."

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्या कागदाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा." आवाज नेहमीचा होता, पण पेन हातात नुसतंच फिरत होतं. मला कळलं की त्यांना काय गमवायचं नाही: दार निळं झालं की अण्णांचं चुकणं संपणार. आणि बोलायची सोय नव्हती. बोललो असतो तर भर सभेत त्यांची आणि अण्णांची नको ती चर्चा झाली असती. दुकानदाराला एक गोष्ट येते. दुसऱ्याचा माल खराब आहे असं न म्हणता आपला माल विकायची. इथे विकायला माझ्याकडे फक्त मीच होतो.

"वकीलसाहेब," मी म्हणालो, "ते वाक्य चुकीचं होतं. मी गेल्या आठवड्यात दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, दुसऱ्याच्या घरात शिरलो."

"कुणाच्या?"

"चेअरमन बाईंच्या."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

"आणि तुम्हाला कधी कळलं?" वकिलांनी विचारलं.

"शर्ट काढून चहा मागितल्यावर."

पुढचा काही वेळ सभेचं कामकाज होऊ शकलं नाही. वकील खुर्चीला धरून हसत होते. माझी बायको पदर तोंडाला लावून खाली बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. मी उभाच होतो. हसणं ओसरल्यावर म्हणालो, "मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं. तरी माझी ही गत. ज्याला मधलं दिसत नाही त्याने काय करायचं ते सभेने सांगावं."

तेव्हा मागून अण्णा उठले. त्यांनी मोठ्या बाईंच्या कानाच्या दिशेने बघितलं.

"बाई, दार निळं होऊ द्या," ते म्हणाले. "चुकून आलेला पोस्टमन दारातूनच माघारी जातो. मला नीट पत्त्यावर यायचंय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मंजूर. पुढचा विषय, पाण्याची टाकी."

दार मी स्वतः रंगवलं. जुना निळा डबा तळाशी थोडा उरला होता. ब्रश हातात धरून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे खाली चार ओघळ आले. अण्णा शेजारी उभे होते. त्यांना ओघळ दिसत नाहीत, हे एक बरं झालं.

आता अण्णा पुन्हा रस्त्यावर जातात, चौकापर्यंत जाऊन येतात, चपलांना भरपूर धूळ असते. मजल्यामजल्यावर बोलत जिना चढतात. निळं दार आलं की थांबतात, त्याला हात लावतात आणि वळून एक मजला खाली जातात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आता चुकायची भीती नाही. निळं लागलं की समजायचं, बाईंचं घर मागे राहिलं."

परवा मी संध्याकाळी घरी आलो. हल्ली मी दार बघून, हात लावून, ओघळ ओळखून मगच आत जातो. आत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात दिवा नाही, गॅसवर काही नाही. अख्ख्या इमारतीत लांबून ओळखू येणारं एकच दार, आणि त्याच्या आत मी एकटा. जरा वेळ सोफ्यावर बसलो. खालून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

बूट हातात घेऊन खाली गेलो. दार लोटलेलंच होतं. मी नियमाप्रमाणे बाहेर उभा राहून टकटक केली.

"कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी. रंगवाला."

"चुकून आलात का?"

काय उत्तर द्यावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला.

"येऊ द्या त्याला, बाई. फक्त म्हणावं, शर्ट अंगावरच राहू दे."